चाळीस टेबलांचा कळप

न खपलेल्या घंटांचं पोतं गुपचूप घरी आणता येत नाही. बटाट्याचं येतं, धान्याचं येतं. माणूस सायकलच्या कॅरिअरला पोतं आवळतो, मान खाली घालतो, मागच्या गल्लीने निघून येतो आणि कोणाला पत्ता लागत नाही. घंटांचं तसं नसतं. रस्त्यातला प्रत्येक खड्डा गावाला बातमी देतो.

ठोक्याने पोत्यात गवत कोंबलं होतं. वरून अंगातला सदरा काढून गुंडाळला होता. तरी पुलाच्या उतारावर पोतं असं काही वाजलं की शिंप्याने मशीन थांबवून डोकं बाहेर काढलं.

"काय रे ठोक्या, जाताना वाजत गेलास आणि येतानाही वाजतच आलास?"

"बाजार बंद होता," ठोक्या म्हणाला.

"बंद? माझी बायको सकाळपासून तिथेच आहे की."

ठोक्याने पायडल जोरात मारलं. तोवर मागे चार शेळ्या लागल्या होत्या. आपला कळप निघाला असं त्यांना वाटलं असावं. बनियनवरचा ठोक्या, मागे वाजणारं पोतं आणि पोत्यामागे चार शेळ्या, अशी ती मिरवणूक घराच्या अंगणात येऊन थांबली.

व्यापाऱ्याने पोत्याला हातही लावला नव्हता. त्याच्याकडे यंदा साच्यातल्या ओतीव घंटा आल्या होत्या. पिवळ्याधमक, गुळगुळीत, खोक्यात कागद घालून रचलेल्या. "सगळ्या एकसारख्या," तो म्हणाला होता. "वाजवून बघ. दोघींत फरक सापडला तर फुकट घेऊन जा." ठोक्याने वाजवून पाहिल्या. फरक सापडला नाही. पण फरक त्याला घरच्या घंटांमधलाही सापडत नसे, त्यामुळे तो गप्प बसला.

हे त्याचं जुनं दुखणं होतं. घरात एक घंटा तीन जणांच्या हातून व्हायची. पत्रा कापायचा, वाकवायचा, ऐरणीवर ठोकून पोकळ आकार द्यायचा, हे ठोक्याचं काम. नावही त्यावरूनच पडलेलं. त्या आकाराला पितळेचा चुरा लावायचा, चिकणमातीत भुसा मळून जाड लेप द्यायचा आणि भट्टी लावायची, हे त्याच्या बायकोचं. भट्टीतून निघालेला गोळा फोडला की पितळ वितळून पत्र्याच्या सांध्यासांध्यांत शिरलेलं दिसायचं. पण एवढ्याने घंटा होत नाही, नुसतं भांडं होतं. त्यातून आवाज काढायचा तो आबांनी, म्हणजे ठोक्याच्या वडिलांनी. लहान हातोडीने काठावर एक टिचकी मारायची, ऐकायचं, दुसरीकडे टिचकी मारायची, पुन्हा ऐकायचं. कुठे काठ किंचित आत, कुठे किंचित बाहेर. ठोक्याने उमेदीच्या काळात ते शिकायचा प्रयत्न केला होता. आबांनी एक घंटा वाजवली, दुसरी वाजवली आणि विचारलं, "कुठली चढी?" ठोक्या म्हणाला, "दोन्ही." त्यानंतर लहान हातोडीला हात लावायची त्याची प्राज्ञा नव्हती.

आणि आबा नुसता आवाज काढत नसत. गुराखी दारात आला की आधी त्याला ओट्यावर बसवायचे आणि विचारायचे. जनावरं किती? पुढे कोण चालतं? मागे कोण रेंगाळतं? खोड्या कोण काढतं? शेजारच्या कळपात कोणाच्या घंटा? मग त्या कळपात बसेल असा आवाज नव्या घंटेला द्यायचे. एका कळपाचा आवाज दुसऱ्याला नाही. धुक्यात जनावर दिसलं नाही तरी आपलं कुठलं आणि परकं कुठलं हे कळलं पाहिजे. व्यापाऱ्याकडे जायच्या त्या कोऱ्या घंटा. गुराखी बाजारातून घंटा घेई आणि सूर लावायला आबांच्या दारात येई. ओतीव घंटेला हातोडी लावली तर ती तडकते. म्हणजे आता पोतंही परत आणि ओटाही रिकामा.

"परत आणल्यास?" आबांनी मान वर न करता विचारलं.

"त्याच्याकडे ओतीव आल्यात."

"आवाज कसा?"

"चांगला आहे," ठोक्या म्हणाला आणि लगेच त्याला वाटलं, नसतो बोललो तर बरं झालं असतं.

आबांनी आता मान वर केली. "तुला काय, तुला बादलीचाही चांगलाच वाटतो."

दुसऱ्या दिवशी दाजी आले. दाजी म्हणजे ठोक्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बाजाराच्या गावी त्यांचा गेट आणि खिडक्यांच्या जाळ्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, पण पाटीवर कारखाना लिहिलेलं होतं. बातमी त्यांना कळलीच होती, पोतं त्यांच्याच दारावरून वाजत गेलं होतं.

"मी सरळ बोलतो," दाजी मोठ्याने म्हणाले. आयुष्य ग्राइंडरपाशी गेल्यामुळे ते सगळंच मोठ्याने बोलत. "कळप डोंगरावर निघाले की तुमचा हंगाम संपला. तोवर बघा. नाहीच जमलं तर मी टेम्पो घेऊन येतो. ऐरणीसकट उचलतो याला. पगार देईन, दुपारचा चहा देईन."

"दाजी, तुम्ही आहात म्हणून..." ठोक्या म्हणाला.

"अरे, घरचा माणूस तू! आमचे मेहुणे कलाकार आहेत म्हणून सगळ्यांना सांगतो मी."

तेच तर ठोक्याला नको होतं. मागे एकदा तो तिथे आठवडाभर राहिला होता. आठवडाभर "आमचे कलाकार" म्हणून त्याची ओळख करून देण्यात आली होती आणि आठवडाभर त्याला चहा आणायला पाठवण्यात आलं होतं.

दाजी गेले तेव्हा ठोक्याची बायको भट्टीची राख काढत होती. ती तशीच राखेचे हात घेऊन आली.

"फोनवर दुकान काढू या," ती म्हणाली.

"फोनवर कसलं दुकान?"

"आपलं. घंटांचं. लोक फोनवर सुया घेतात, झाडू घेतात. मी स्वतः चाळण घेतली. त्या चाळणवालीचं दुकान तिने स्वतः काढलंय, तिनेच लिहिलं होतं. दुकान काढून देणाऱ्या कंपन्या असतात. आधी काही दिवस फुकट, मग आवडलं तर ठेवायचं."

"आणि न आवडलं तर?"

"तर दाजींचा टेम्पो आहेच."

ठोक्या त्याच दुपारी ऐरणीवर पालथ्या घमेल्याला टेकवून फोन ठेवून बसला. अशा कंपन्या ढिगाने निघाल्या. बायकोने त्यांतल्या तीन निवडल्या आणि नावं लक्षात राहीनात म्हणून रंगांवरून ओळखायचं ठरवलं. हिरवी, निळी, जांभळी. ठोक्याला मनातून बरं वाटत होतं. या कामाला कान लागत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा असं काहीतरी निवडायचं होतं, ज्यात आबांना ओ की ठो कळत नव्हतं.

हिरवं दुकान दिसायला सगळ्यांत देखणं होतं. पण ते मुळात कपड्यांसाठी बेतलेलं. मालाचं नाव विचारलं, मग माप विचारलं: लहान, मध्यम, मोठं, अति मोठं. ठोक्याने करडू, शेळी, गाय, बैल असं भरलं. मग रंग विचारला. पितळी भरलं. मग म्हणालं, माल अंगावर घातलेला फोटो टाका, खप वाढतो.

"कोणाच्या अंगावर?" ठोक्याने विचारलं.

"माझ्या तर नाहीच," बायको म्हणाली.

शेजारची शेळी धरून आणली. तिच्या गळ्यात घंटा बांधली. शेळी उभी राहिली की ठोक्याचा अंगठा कॅमेऱ्यासमोर यायचा, अंगठा बाजूला झाला की शेळी हलायची. शेवटी बायकोने तिचे कान धरले आणि ठोक्याने फोटो काढला. फोटोत शेळी, घंटा आणि शेळीच्या डोक्यावर दोन हात आले. हिरव्या दुकानाने तो घेतला आणि खाली आपणहून ओळ टाकली: धुताना थंड पाणी वापरा. ती ओळ काही केल्या निघेना.

"आवाज कुठे आहे?" आबांनी लांबूनच विचारलं.

आवाज ठेवायची सोय हिरव्यात नव्हतीच. आबा परत टिचक्या मारू लागले. हिरवं बाद झालं.

निळ्या दुकानात आवाज ठेवता येत होता. ठोक्याने फळीवरच्या घंटा एकेक करून काढल्या. आबा वाजवत, ठोक्या फोन धरून ध्वनिमुद्रण करी. पहिलं ऐकायला लावलं. त्यात आबांचा खोकला होता, दूरची बस होती, "झालं का रे?" होतं. घंटा नव्हती.

"तू चालूच केलं नसशील," आबा म्हणाले.

"तुमचा खोकला आलाय ना?"

"मग खोकला विका."

पुन्हा केलं, पुन्हा तेच. घंटेचा पहिला टण ऐकू यायचा आणि पुढचा लांबत जाणारा नाद कोणीतरी पुसून टाकल्यासारखा नाहीसा व्हायचा. बायकोने बरीच शोधाशोध केली तेव्हा उलगडा झाला. फोन माणसांच्या बोलण्यासाठी बनवलेला. बोलणं सारखं चढतं, उतरतं, तुटतं. जे एका पट्टीत लांबत जातं, पंख्याच्या घरघरीसारखं, ते फोन गोंगाट समजतो आणि काढून टाकतो. आबांनी जन्मभर काठावर टिचक्या मारून जे मिळवलं होतं, ते फोनच्या मते साफ करायची घाण होती. ही सफाई बंद करायचं बटण होतं, ते बायकोला सापडलं, आणि मग मात्र घंटा आली.

आबांनी फोन कानाला लावला, लांब केला, परत लावला. "घंटा आहे. डब्यात कोंडलेली, पण आहे," ते म्हणाले. आबांकडून एवढं म्हणजे शाबासकीच होती.

ठोक्याने सगळ्या घंटा नंबर देऊन निळ्या दुकानात चढवल्या. पण निळ्याला एक वाईट खोड होती. पान उघडलं की आवाज आपणहून वाजत, आणि सगळे एकदम वाजत. उघडल्या क्षणी अंगणात असा कल्लोळ झाला की भिंतीवरची मांजर उडी मारून पळाली.

"हा कळप नाही," आबा म्हणाले. "ही मारामारी आहे."

तेही बंद करायचं बटण बायकोनेच शोधलं. राहिलं ते एकच. प्रत्येक घंटेखाली एक मोठं लाल बटण होतं: आत्ताच घ्या.

"म्हणजे?" आबांनी विचारलं.

"म्हणजे त्यावर बोट ठेवलं की घेतली."

"कोणासाठी घेतली? कुठल्या कळपात? आधी काय आहे तिथे?"

"ते कोणी विचारत नाही आबा. दुकान आहे ते."

"मग ते बटण काढ."

ठोक्याने मदतीच्या क्रमांकावर फोन लावला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती. "सर, बटण काढता येणार नाही. पण आपण त्याचा रंग बदलू शकता."

"रंग बदलतो म्हणाली," ठोक्याने आबांना सांगितलं.

"तिला विचार, तिच्या गळ्यात कोणी न विचारता घंटा बांधली तर चालेल का."

ते काही ठोक्याने विचारलं नाही. बायको म्हणाली, "जांभळं तरी बघू या. तिथे लाल बटणाऐवजी 'आधी विचारा' असं ठेवता येतं. आपले प्रश्नही घालता येतात."

जांभळं दिसायला अगदीच साधं होतं, शाळेच्या फळ्यासारखं. ठोक्याने नाक मुरडलं. "लोक घ्यायला येतात, परीक्षेला नाही. निळंच ठेवायचं. हे माझं काम आहे, मी ठरवणार." बायकोने त्याच्याकडे पाहिलं आणि मातीचे हात धुवायला निघून गेली. आबांनी हातोडी जरा जास्तच जोरात मारली.

निळं दुकान उघडलं आणि काही झालं नाही. ठोक्या पत्रा ठोकता ठोकता फोनकडे बघे आणि अंगठा ठेचून घेई. डोंगराकडचं गवत हिरवं व्हायला लागलं होतं. वरच्या आळीतले मेंढपाळ कुंपणं आवरायला लागले होते. दाजींचा फोन आला, "टेम्पोत तेल भरून ठेवलंय."

आणि एका सकाळी फोन वाजला. चाळीस घंटा. एकदम चाळीस, सगळ्या सात नंबरच्या.

ठोक्याने ऐरणीभोवती एक फेरी मारली. मग भट्टीभोवती मारली. बायकोला ओरडून बोलावलं, आबांना ओरडून बोलावलं, शिंपी मात्र न बोलावताच आला. व्यापाऱ्याने अख्ख्या हंगामात घेतल्या असत्या त्याहून या जास्त होत्या.

"सात नंबर कुठला?" आबांनी विचारलं.

ठोक्याने वाजवला. गोड, किंचित घोगरा, शेवटी वर उचललेला आवाज. आबा ऐकत राहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. बायकोचाही.

"अहो," ती म्हणाली, "ही तर शेळीवाल्या मावशीची. आतला लोलक बदलायला आलीय."

ठोक्या सोडून घरात कोणालाही ती झोपेत ओळखू आली असती. वीस वर्षं ती रोज संध्याकाळी दारावरून जात होती. ठोक्याला ती नंतर फळीवर दिसली, आवडली, त्याने आबांना न विचारता स्वतःच वाजवून नोंदवून टाकली होती.

"नाही द्यायची," आबा म्हणाले.

"आबा, चाळीस आहेत!"

"चाळीस असोत की चार. हा आवाज मावशीच्या कळपाचा आहे."

"तो माणूस लांबच्या हमरस्त्यावरचा आहे! त्याच्या आणि मावशीच्या शेळ्या या जन्मात भेटणार नाहीत!"

"आणि चाळिसांना एकच आवाज? कसला हा गुराखी? त्याला आपलं जनावर ओळखायचंय की नाही?"

तेवढ्यात दारात मावशीच उभी राहिली. लोलक झाला का बघायला आली होती. शिंप्याने तिला सगळं आधीच सांगून टाकलं.

"माझा आवाज?" मावशी म्हणाली. "चाळीस जणांना हवाय?" ती फुलून गेली. "मला तर घरात एकालाही नको असतो. द्या की! मी कशाला नाही म्हणू?"

"तू नाही म्हणायचा प्रश्न नाही," आबा म्हणाले. "मी नाही म्हणतोय."

"म्हातारपणी हे असं होतं," मावशीने शिंप्याला समजावलं, घंटा उचलली आणि वाजवत निघून गेली.

आबांनी एकच सवलत दिली: त्या माणसाशी बोलतो, कळपाची माहिती घेतो, मग चाळीस वेगळ्या देतो. बायकोने क्रमांक लावून फोन त्यांच्या हातात दिला. पलीकडून भांड्यांचा खणखणाट ऐकू येत होता.

"नमस्कार. घंटावाला बोलतोय. जनावरं कोणती आहेत तुमची?"

"जनावरं नाहीत हो. हॉटेल आहे माझं. टेबलांवर ठेवायच्यात घंटा."

आबांनी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे नीट पाहिलं. मग परत कानाला लावला. "टेबलांना घंटा कशाला? टेबलं हरवतात का?"

"काका, बाग आहे माझी. झाडाझाडांत टेबलं आहेत. वाढणाऱ्या पोरांना गिऱ्हाईक दिसत नाही, गिऱ्हाईक हाका मारतं, सगळा गोंधळ. आता वाजवली की पोरगा जाईल."

"कुठे जाईल?"

"म्हणजे काय? टेबलापाशी."

"कुठल्या? चाळिसांचा आवाज एकच."

पलीकडे भांडी वाजत राहिली. "दिशेवरून कळेल ना."

"भिंत आहे का बागेला?"

"एका बाजूला आहे. उंच."

"मग आवाज भिंतीवर आपटून उलटा येणार. पोरगा भिंतीकडे पळणार. मला असं सांगा, पुढे कोणतं टेबल असतं आणि मागे..."

"काका," हॉटेलवाला म्हणाला, "मला घंटा हव्यात, शिकवणी नको. जमत नसेल तर राहू द्या." आणि फोन ठेवला. थोड्याच वेळात निळ्या दुकानात मागणीवर लाल पट्टी आली: रद्द.

शिंपीसुद्धा उठून गेला. ठोक्याने ठेचलेला अंगठा तोंडात धरला आणि दुसऱ्या हाताने दाजींना फोन लावला. "या टेम्पो घेऊन," तो म्हणाला. "कधी? या, तुम्हाला जमेल तेव्हा." मग तो अंगणात जाऊन उन्हात पालथ्या घमेल्यावर बसला. मोठा घण तिथेच पडला होता. दाजींकडे घणाचं काम नसतं, तिथे सगळं कापायचं आणि जोडायचं. घण न्यावा की ठेवावा, एवढाच विचार त्याच्या डोक्यात येत होता.

बायको मात्र आत बसून फोनवर काहीतरी करत होती. निळं दुकान तिने बंद केलं. जांभळ्यात सगळ्या घंटा चढवल्या, मावशीची सोडून. खाली "आधी विचारा" ठेवलं आणि आबांना विचारून विचारून त्यांचे प्रश्न जसेच्या तसे घातले. मग हॉटेलवाल्याला निरोप पाठवला: आमचं दुकान आता इथे आहे. सासऱ्यांच्या बोलण्याचा राग मानू नका, ते सगळ्यांशीच असं बोलतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती फोन घेऊन अंगणात आली आणि तोंडावर पदर धरून हसत सुटली. शेवटी ठोक्याने फोन तिच्या हातातून घेतला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. हॉटेलवाल्याने आबांचे प्रश्न एकही न गाळता सोडवले होते.

कोणत्या जनावरासाठी? टेबल. किती? चाळीस. पुढे कोण चालतं? दारापाशीचं लांब टेबल, तिथे सगळे आधी बसतात. मागे कोण रेंगाळतं? विहिरीजवळची तीन, तिथे प्रेमात पडलेले बसतात, उठतच नाहीत. खोड्या कोण काढतं? भिंतीजवळची, दर घासाला मीठ मागतात. शेजारच्या कळपात काय आहे? पलीकडे गॅरेज आहे, दिवसभर ठोकाठोकी. आणि शेवटी, मोकळ्या जागेत: काकांना सांगा, काल घरातल्या दोन घंटा लावून पाहिल्या. पोरगा भिंतीकडेच पळाला. सूपही सांडलं.

आबांनी ते पुन्हा वाचून घेतलं. "माणूस समंजस आहे," ते म्हणाले. "कळप अवघड आहे." आणि पत्रा किती उरलाय ते बघायला उठले.

मग घराला श्वास घ्यायला सवड राहिली नाही. चाळीस आवाज कोणाच्याच डोक्यात राहणार नाहीत, हे आबांनी आधीच ओळखलं. पण बागेत पोरं पाच होती. प्रत्येकाला आठ टेबलं. म्हणजे पाच छोटे कळप, प्रत्येकाची जात वेगळी. दाराकडच्या मोठ्या आणि खर्जातल्या, भिंतीकडच्या लहान आणि चिरक्या. गॅरेजच्या बाजूला जाड पत्र्याच्या, म्हणजे ठोकाठोकीतून वर येतील. विहिरीकडच्यांवरून सासरा-सुनेचं वाजलं. आबांचं म्हणणं, रेंगाळणाऱ्याला कडक घंटा हवी. बायकोचं म्हणणं, बिचारे बसलेत तर बसू द्या, मऊ आवाज द्या. शेवटी मऊ आवाज ठरला आणि आबा दिवसभर पुटपुटत राहिले. ठोक्याने पत्रा ठोकून ठोकून खांदे सुजवून घेतले. भट्टीचा धूर शिंप्याच्या कपड्यांवर बसला आणि शिंपी भांडून गेला. वरच्या आळीतले कळप खडकांतून वाजत वाजत डोंगराकडे निघाले. ते बघायलाही कोणी बाहेर आलं नाही.

सूर लागल्यावर आबांनी घंटा कपड्यांच्या दोरीवर ओळीने टांगल्या आणि सुनेला पाठमोरं उभं केलं. एकेक वाजवली. तिने प्रत्येक अचूक सांगितली.

आबा खूश व्हायला हवे होते, पण नाही झाले. "तुझा काही उपयोग नाही," ते म्हणाले. "तुझा कान चांगला आहे. तिथली पोरं तुझ्यासारखी असतील कशावरून? त्याला बोलाव."

ठोक्याला वाटलं, आता सगळ्यांसमोर काढणार आपली. तो येऊन दोरीकडे पाठ करून उभा राहिला. नेमका त्याच वेळी दाजींचा टेम्पो अंगणात शिरला.

"चला कलाकार!" दाजी ओरडले. "ऐरण कुठे आहे?"

"थांबा जरा," आबा म्हणाले आणि एक घंटा वाजवली.

ठोक्याने घाम पुसला. "दाराकडची," तो चाचरत म्हणाला. "दुसरी."

"बरोबर." आबांनी अजून एक वाजवली.

"गॅरेजकडची. कोपऱ्यातली."

"बरोबर."

दाजींना यात मजा वाटली. "मला विचारा की! हे काय अवघड आहे?" ते येऊन ठोक्याशेजारी पाठमोरे उभे राहिले. आबांनी एक वाजवली. दाजी म्हणाले, "घंटा." दुसरी वाजवली. दाजी म्हणाले, "ही पण घंटाच." आबांनी त्यांना दंडाला धरून हलकेच बाजूला केलं.

"तुम्ही नको, जावईबापू. ग्राइंडरने तुमचे कान पार नेले. सुनेला सगळं कळतं, तुम्हाला काहीच कळत नाही. मला थोडंसंच कळणारा माणूस हवा. वाढणाऱ्या पोरांएवढं. ते नेमकं यालाच कळतं."

"म्हणजे हा येणार नाही?"

"जांभळ्या दुकानात अजून दोन जणांनी विचारलंय," बायको म्हणाली. "एकाची शाळा आहे, खूप खोल्यांची. दुसऱ्याच्या नावा आहेत."

"नावा चरायला जातात का?" दाजींनी विचारलं.

"धुक्यात जातात," आबा म्हणाले. "आणि हा गेला तर तपासायचं कोणी?"

दाजींनी टेम्पोकडे पाहिलं, भरलेल्या तेलाचा विचार केला आणि ओट्यावर जाऊन बसले. "मग निदान चहा तरी टाका. कोणाला पाठवू?" ते म्हणाले आणि इकडे तिकडे पाहून स्वतःच उठून चुलीकडे गेले.

आबांनी पुढची घंटा वाजवली. ठोक्या आता जरा ऐटीत उभा होता.

"विहिरीजवळची," तो म्हणाला.

आबांनी ती परत वाजवली.

"विहिरीजवळचीच."

"भिंतीची आहे हो," बायको हळूच म्हणाली.

ठोक्याने सवयीने खांदे आक्रसून घेतले. आबांनी दोरीवरून घंटा काढली, तिला डोळ्यांसमोर धरली आणि तिच्याकडे रागाने पाहिलं.

"गधडे," ते घंटेला म्हणाले, "साधं मीठ मागायचंय, तेवढंही नीट सांगता येत नाही?"

आणि लहान हातोडी घेऊन ऐरणीकडे गेले.